रात्री आठची गोळी

जानराव तायडे यांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. यात त्यांना काही वावगं वाटत नसे, उलट अभिमानच होता. बुलढाण्याहून सुटलेली गाडी राजूर घाट उतरायच्या आत कोण झोपेचं सोंग घेऊन बसलंय आणि कोणत्या बाईच्या मांडीवरचं 'पाच वर्षांचं' लेकरू खरं तर तिसरीत शिकतंय, हे ते नुसत्या नजरेनं सांगत. रिटायर होऊन मोताळ्याजवळच्या आपल्या गावी येऊन बसले, पण ती नजर काही रिटायर झाली नाही. दूधवाला पाणी घालतो, मीटर वाचणारा आकडे फिरवतो आणि डॉक्टर लोक कंपनीशी संधान बांधून जास्तीच्या गोळ्या लिहितात, हे त्यांचं पक्कं मत. कोणी वाद घातला तर म्हणत, "मले नको शिकवू बे, म्या अर्धा जिल्हा तपासला हाय."

अशा माणसाची बायको डोळ्यांदेखत वाळायला लागली, तर त्याच्या मनात पहिलं काय येणार? हेच, की कोणीतरी काहीतरी करून राह्यलं.

रुख्मिणी म्हणजे कामाची बाई. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला तेव्हा ठणठणीत होती, फक्त उजवा गुडघा धरला होता तेवढाच. आणि आता भादवा सरत आला तर तोंडावरचं रक्त कोणी पुसून घेतल्यासारखी पांढरीफटक पडली होती. विहाराच्या दोन पायऱ्या चढताना तिला धाप लागे. पोटात आग पडते म्हणे. बसल्या जागेवरून उठली की भिंत धरून उभी राही आणि कोणी पाहिलं तर उगाच हसे.

शेजारची अंबूबाई म्हणाली, "नियमानं तं झालं नसन?" दरवर्षी या दोघी फक्त पौर्णिमेला उपोसथाचा उपास धरत. औंदा दोघींनी मिळून ठरवलं, की वर्षावासाचे तिन्ही महिने नियम पाळायचा. दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. पाणी चालतं, सरबत चालतं, औषध चालतं. संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात ग्रंथवाचन ऐकायला बसायचं आणि घरी येऊन आडवं व्हायचं.

जानरावांनी हा मुद्दा कंडक्टरी डोक्यानं तपासला. नियम दोघींचा एकच, विहार एकच, गावाच्या नळाचं पाणीही एकच. अंबूबाई तर रुख्मिणीपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि ती अजून डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून चालते! मग फरक कशात? फरक चुलीत. आणि तायड्यांच्या चुलीपाशी कोण असतं? सारिका.

सारिका म्हणजे सून. प्रसेनजितची बायको. दोन वर्षांपूर्वी देऊळगाव राजाकडून आली. बोलणं तिकडचं, "मला वाटतंय", "कशामुळं" असलं, आणि जानरावांना ते ऐकलं की उगाच ही बाई काहीतरी हातचं राखून बोलते असं वाटे. प्रसेनजित पुण्याला कंपनीत होता. तिकडे खोली मिळाली, की सारिका जाणार होती. खोली तर मिळाली, पण तेवढ्यात सासूचं दुखणं निघालं, म्हणून ती अडकली. झालं! जानरावांना जे पाहिजे होतं ते सापडलं. सासू आहे तोवर सुनेला पुणं नाही.

तिच्यावर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. ती भाकरी थापे तर हे दारात येऊन उभे. ती डाळीला फोडणी देई तर हे वास घेत. पोरगी गोंधळून विचारी, "काय पाहिजे का मामाजी?" हे म्हणत, "काई नाई. चालू दे."

घरातली एकच गोष्ट त्यांनी पूर्ण आपल्या हातात ठेवली होती, आणि ती म्हणजे रुख्मिणीची गुडघ्याची गोळी. आषाढात बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ती लिहून दिली होती. सोबत एक कॅप्सूलही होती, सकाळची. ती कशाची म्हणून त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, पोटाची, पित्ताची. "रुख्मिणीले पित्त कुठी हाय?" म्हणून जानरावांनी कॅप्सूल तिथल्या तिथं यादीतून कापली. जास्तीचं तिकीट फाडू देणाऱ्यांतले ते नव्हतेच. पण गोळी मात्र गुणाची निघाली. तीन दिवसांत रुख्मिणी न लंगडता चालू लागली. मग पाकीट संपलं की ते रिकामं पाकीट दाखवून दुसरं आणत. बरोबर रात्री आठ वाजता, मनगटावरच्या जुन्या घड्याळात पाहून, एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास घेऊन ते तिच्यापुढे उभे राहत. एक दिवस चुकले नाहीत. ज्या दिवशी ती जास्त कण्हे, त्या दिवशी आपल्या पिशवीतली कंबरदुखीची एक वरून देत. ती ड्रायव्हर लोकांची जुनी गोळी, घाटात गाडी चालवून चालवून कंबर मोडलेल्यांना उभं करणारी.

तर त्या मंगळवारी सकाळी जानराव निंबाखाली दात घासत उभे होते. सारिका केराची टोपली घेऊन उकिरड्यावर गेली. टोपली उपडी केली. मग इकडेतिकडे पाहून खाली बसली आणि काडीनं केर उकरू लागली. काहीतरी चमकणारं उचललं, पदराला पुसलं, रुमालात बांधलं. पुन्हा उकरलं, पुन्हा एक. गोळ्यांची रिकामी पाकिटं!

जानरावांचा दात घासायचा हात थांबला. रिकाम्या पाकिटाचं या पोरीला काय काम? गोळ्या बदलते काय? की आतमध्ये दुसरंच काही भरते?

दुपारी तर कहरच झाला. ते ओसरीवर पडले होते, पण कान जागे होते. आत सारिका सासूला हळू आवाजात विचारत होती, "आत्याबाई, लाजू नका. संडासला कसं होतंय? काळं होतंय का?"

"अवं, असं काय इचारतं पोरी?"

"सांगा ना."

रुख्मिणी म्हणाली, "हाव. डांबरावानी. काऊन वं?"

सारिकानं लगेच परसात जाऊन कोणाला तरी फोन लावला, आणि जानराव उठून मागच्या दारी गेले तसा तो फोन झटकन बंद झाला. जानरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विष घालणारं माणूसच विचारणार ना, की लागू पडलं का म्हणून!

रात्री आठला ते गोळी आणि गिलास घेऊन आले, तर सारिका मध्ये उभी.

"मामाजी, आत्याबाईला ही गोळी देऊ नका."

"काऊन?"

"प्रतीक्षा म्हणती, आधी बंद करा आणि उद्याच डॉक्टरला दाखवा. या गोळीनं..."

"कोन प्रतीक्षा?"

"माझी मावसबहीण. देऊळगावला दवाखान्यात नर्स हाय."

"म्हंजे या घरातल्या गोष्टी देऊळगावले जाऊन राह्यल्या!" जानराव गरजले. "बायको माही, गुडघा तिचा, अन् हुकूम तुया बहिणीचा? हो बाजूले!"

पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. रुख्मिणीनं दोघांकडे पाहिलं, मुकाट्यानं गोळी घेतली आणि पाणी प्यायली. सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. जानरावांनी ते पाहिलं आणि मनात म्हणाले, बिनतिकिटवाले सगळेच रडतात.

बुधवारी उठून पाहतात तर कोनाड्यातलं पाकीट गायब. सारिकानंच लपवलं, आणखी कोण? पण जानराव कच्चे नव्हते. एक पाकीट कोनाड्यात तर दुसरं पेटीत कुलपात, ही त्यांची पद्धत. त्यांनी ओरडा केला नाही. एका स्वच्छ धुतलेल्या बाटलीत सकाळची डाळ भरली, भाकरीचा तुकडा पिशवीत बांधला, आणि दोन्ही पेटीत ठेवलं. मग गावाबाहेरच्या पुलावर जाऊन पोराला फोन केला.

"प्रसेनजित, आयक. तुही बायको तुया मायले कायतरी चारून राह्यली. माह्यापाशी पुरावा हाय. ये अन् तिले घेऊन जाय. पुण्याले ने नाईतं तिच्या मायबापाकडे धाड, पण माह्या घरात नको."

प्रसेनजित म्हणाला, "बाबा, असं कसं बोलता तुम्ही?"

"म्या एकतीस वर्षं मानसं पाह्यली."

"येतो मी," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी रुख्मिणी विहारातही गेली नाही. गुडघा ठणकत होता, पोट जळत होतं. आठ वाजता जानरावांनी पेटीतली गोळी काढली, वर आपल्या पिशवीतली एक ठेवली. "घे. दोन घे आज. सकाळी उतरन." तिनं दोन्ही घेतल्या.

सकाळी ती न्हाणीपाशी कोसळली. उलटी झाली, आणि त्यात चहाच्या चोथ्यासारखं काळं काळं पडलं. जानराव ओरडत अंबूबाईच्या दाराकडे धावले. अंबूबाईच्या पुतण्यानं गाडी काढली. सारिका चपला घालून धावत आली, तर जानरावांनी गाडीचं दार धरलं. "तू घरीच राह्य. तुहा नवरा येऊन राह्यला." पोरीनं वाद घातला नाही. खिडकीतून हात घालून तिनं सासूच्या मुठीत एक रुमाल दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, हे डॉक्टरच्याच हातात द्या."

घाट चढेपर्यंत जानराव रुख्मिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "रुख्मे, झोपू नको. म्या सोडत नाई तिले, पाह्य तू," असं सारखं म्हणत होते. रुख्मिणी फक्त मान हलवत होती. हो म्हणत होती की नाही म्हणत होती, ते त्यांना कळलं नाही.

दवाखान्यात नेल्या नेल्या तिला आत घेतलं, सलाईन लावलं, रक्त काढलं. मग डॉक्टरीणबाईंनी जानरावांना समोर बसवलं. जानरावांनी टेबलावर डाळीची बाटली ठेवली, भाकरीचा तुकडा ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे तपासून पाहा. घरातलंच मानूस हाय. सून."

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग नर्सनं आणून दिलेला रुमाल सोडला. आतून रिकामी पाकिटं निघाली. एक, दोन, तीन... त्यांनी ती टेबलावर ओळीनं मांडली. सात होती. सोबत वहीचा एक कागद होता. त्यावर सारिकाच्या अक्षरात तारखा होत्या. पोटात आग कधीपासून, चक्कर कधी, काळं कधी.

"काका, मी गोळ्या किती लिहिल्या होत्या?"

"लिहिल्या... दहा."

"ही सत्तरची पाकिटं आहेत."

"गुण आला ना मॅडम. म्हून बंद नाई केली."

"देत कोण होतं?"

जानराव ताठ बसले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. "मीच. दुसऱ्याच्या हातात कधी जाऊ नाई देली. रोज रात्री बरोब्बर आठले. एक दिवस चुकलो नाई."

"सोबत कॅप्सूल होती सकाळची. पोट सांभाळणारी. ती?"

"थे... थे जास्तीची वाटली."

"आणखी कोणती दुखण्याची गोळी?"

त्यांनी पिशवीतलं पाकीट काढून दिलं. बाईंनी ते उलटसुलट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "ही आणि ती एकाच जातीची आहे, काका. दोन्ही एकदम कधीच द्यायच्या नाहीत. बरं, मी चिठ्ठीवर लिहिलं होतं, रात्री जेवणानंतर. रात्री काय जेवायच्या त्या?"

जानरावांनी टेबलावरच्या पाकिटांकडे पुन्हा पाहिलं.

"काय जेवायच्या?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"जेवत नव्हती," जानराव म्हणाले. आवाज त्यांचाच, पण त्यांना तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "वर्षावास हाय. बारानंतर नियम हाय तिचा. औषध चालते, म्हून..."

"म्हणजे दोन महिने, साठीतल्या बाईला, आठ-आठ तासांच्या रिकाम्या पोटावर." बाई ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. "सूज उतरवणाऱ्या या गोळ्या दुखणं काढतात, पण पोटाचं आतलं अस्तरही सोलतात. म्हणून त्या भरल्या पोटी घ्यायच्या, थोडे दिवस घ्यायच्या. आतून रक्त जातंय त्यांचं, म्हणून तर ते काळं. अंगात रक्त निम्मं उरलंय. नियम मोडायचीही गरज नव्हती हो. गोळी दुपारच्या जेवणावर दिली असती तरी चाललं असतं. एकदा येऊन विचारायचं होतं."

विचारायचं? कोणाला विचारायचं? जानरावांनी जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं, फक्त तपासलं होतं. आणि सारिका तर दारात उभी राहून सांगत होती.

"वाचन ना माही रुख्मी?" त्यांनी विचारलं.

"आज आणलंत म्हणून आशा आहे. रक्त चढवतोय. दुर्बिणीनं आत पाहावं लागेल. उद्यापर्यंत मी काही छातीठोक सांगणार नाही." बाई उठल्या. जाता जाता कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कोणी लिहिली यादी? फार उपयोग झाला तिचा."

आत रुख्मिणीच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. जानराव खाली मान घालून खाटेशी उभे राहिले.

"रुख्मे, पोटात आग पडत होती तं गोळी काऊन घेत गेली वं? थुकून काऊन नाई देली?"

रुख्मिणी थांबत थांबत म्हणाली, "तुमी अख्ख्या जिंदगीत मले पान्याचा गिलास देला होता काय कधी? रोज ड्युटीवर. रात्री कधी घरी याचे, कधी नाई याचे. अन् आता रोज आठले गिलास घेऊन उभे. मले वाटे, नाई कसं म्हनाव."

जानरावांना तिथं उभं राहवेना. ते बाहेर येऊन बाकावर बसले आणि कपाळ धरलं. डोकं फुटायची वेळ आली होती. काल रात्रीपासून पोटात कण नव्हता.

चार वाजता प्रसेनजित आला. मागे सारिका, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात डबा. म्हणजे पोरानं बापाचं ऐकलं होतं. बायकोला बॅग भरायला लावली होती. तिचे डोळे सुजले होते. बाकावर जानरावांच्या शेजारी ती डाळीची बाटली होती. बाईंनी परत पाठवली होती. सारिकानं ती पाहिली, ओळखली, आणि जानरावांकडे पाहिलं.

"ही माझ्या हातची डाळ हाय ना, मामाजी?"

"हाव," जानराव म्हणाले. "तपासाले आनली होती."

"बाबा," प्रसेनजित म्हणाला, "आता समोरासमोर सांगा. मायले कोनं देलं?"

एसटीत कंडक्टर तपासणीत सापडला, की गळ्यातली बॅग उतरवून तपासनीसासमोर ठेवावी लागते आणि कबुलीजबाब लिहून द्यावा लागतो. एकतीस वर्षांत जानरावांवर ती पाळी आली नव्हती. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली. त्यात उरलेल्या गोळ्या होत्या, पेटीची किल्ली होती. मनगटावरचं घड्याळ सोडून तेही पिशवीत टाकलं आणि ती पिशवी सारिकाच्या पायाशी ठेवली.

"म्या देलं. उपाशी पोटावर, रोज, माह्या हातानं. ही सांगत होती, म्या आयकलं नाई. प्रसेनजित, हिनं लिहून नसतं देलं तं डॉक्टरले बी समजलं नसतं." मग सारिकाकडे पाहायचं धाडस न करता म्हणाले, "पोरी, तुया मनात येईन ते कर. जाय म्हनलं तं मी जातो घरातून."

प्रसेनजित तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. सारिका उभीच होती. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि तिचा चेहराही तसा नव्हता. जानरावांचं डोकं घणाघण ठोकत होतं. नकळत त्यांचा हात शर्टाच्या खिशात गेला. तिथं त्याच कंबरेच्या गोळ्यांतली एक सुटी पडली होती. त्यांनी ती काढली आणि पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं.

"मामाजी," सारिका म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

जानराव तिच्याकडे पाहतच राहिले. एवढंच तर विचारायचं होतं. दोन महिने रोज आठ वाजता गिलास धरून उभे राहिले, आणि रुख्मिणीला एकदाही हे विचारलं नाही. त्यांना हुंदका आला, आणि तो त्यांना आवरता आला नाही.

सारिकानं त्यांच्या हातातली गोळी काढून घेतली आणि बाकावर डबा उघडून ठेवला. भाकरी होती आणि डाळ होती. जानरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि खाल्ला. वास न घेता.